समासातलं मराठी

एका बाईचं नाव कुठेही येऊ देणार नाही, असं माझ्या नवऱ्यानं तिला कबूल केलं होतं. नाव आलं नाही. तरीही तिचं जे व्हायचं ते झालंच, आणि ते होण्यात नवऱ्याइतकीच मी होते, माझी मुलगीही होती. तिघांपैकी एकाच्याही मनात काही वाईट नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला खूपदा ऐकवलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

मी जन्मानं कोलकात्याची. माहेर बागबाजारचं. मराठ्यांच्या धाडींपासून वाचायला या शहरानं कधीकाळी खणलेला खंदक तिथूनच सुरू व्हायचा, आणि शेजारीपाजारी ही हकिकत मला दर दुर्गापूजेला नव्यानं सांगतात, जसं काही मीच घोड्यावर बसून आले होते. "अहो, मी भूगोल शिकवते, इतिहास नाही," म्हणते आणि सोडून देते. शाळेत इंग्रजी, स्टाफरूममध्ये बंगाली, रिक्षावाल्याशी हिंदी-बंगालीची खिचडी. मराठी घरात. आणि घराबाहेर मराठी कशासाठी? तर लोकांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बोलायला!

हसू नका, परप्रांतात राहिलेलं प्रत्येक मराठी घर हे करतं. मासळीबाजारात मी विक्रेत्याकडे बघून गोड हसायची आणि हसता हसता नवऱ्याला म्हणायची, "डोळे बघा त्या रोहूचे, परवाचा आहे, चला पुढे." लग्नात, दवाखान्यात, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत, सगळीकडे तेच. एकदा मेट्रोत समोर बसलेल्या बाईंच्या केसांच्या रंगावर मी आणि मुलगी मनसोक्त बोललो, आणि सेक्टर फाइव्हला उतरताना बाई म्हणाल्या, "येते हं. रंग घरीच लावलाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर तोंड आवरलं. मग पुन्हा सुरू.

नवरा अमरावतीकडचा. केंद्र सरकारच्या एका खात्यात होता, तीन वर्षांच्या बदलीवर इथं आला आणि मला भेटून कायमचा अडकला. ऑफिस सॉल्ट लेकमध्ये, आमचं घरही तिथंच. पिण्याच्या पाण्याच्या तपासण्या नीट होतात की नाही हे बघणं हे त्याच्या खात्याचं काम. माणूस इतका काटेकोर की ऑफिसचं पेन घरी आणायचा नाही. कामाबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. "आज काय झालं?" विचारलं तर "जेवण छान झालं" म्हणायचा, आणि डबा मीच दिलेला असायचा! त्याच्या या तोंड मिटून राहण्यावर मी तीस वर्षं चिडले आहे.

बोलायचा नाही, पण लिहायचा. कुठलाही कागद वाचताना हातात पेन्सिल, आणि समासात बारीक टिपणं. तीही मराठीत. त्यातही पुण्या-मुंबईचं मराठी नाही, त्याच्या गावचे शब्द, अर्धे तोडलेले. ऑफिसातल्या हिंदीवाल्यांना लिपी ओळखीची वाटायची, पण हाती काही लागायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं, की अहो, पुसून टाकत जा ती टिपणं. तर म्हणाला, "कोण वाचणार आहे इथं?" माझाही तोच समज होता. मी बाजारात तेच तर करत होते.

तर झालं असं. इथून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर काही गावं आहेत, तिथल्या हापशांच्या पाण्याबद्दल तक्रारी होत्या. सरकारनं तपासणीचं काम एका खासगी प्रयोगशाळेला दिलेलं होतं, आणि तिचे सगळे अहवाल "पाणी चांगलं" असं सांगत होते. नवऱ्याला चौकशीला पाठवलं. तो सात-आठ वेळा जाऊन आला, आणि त्यानं लिहिलं की पाण्यात आर्सेनिक आहे, वाईट आकडे खोडून चांगले भरले आहेत, हापसे ताबडतोब बंद करा. अहवालावर "गोपनीय" असा शिक्का बसला आणि तो कपाटात गेला. दीड वर्ष कपाटातच होता. हे त्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस जेवताना पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसतो.

मग कुणीतरी ती अख्खी फाइल स्कॅन करून इंटरनेटवर टाकली. कुणी, ते आजही कळलेलं नाही.

आमच्या मुलीनं ही बातमी नाचत घरात आणली. ती चोवीस वर्षांची, सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरवर काम करते, आणि उरलेल्या वेळात दहा-बारा मित्रमैत्रिणींबरोबर अशा बाहेर आलेल्या सरकारी कागदांचे सोपे सारांश करून लोकांसाठी टाकते. रात्रीचं जेवण वाढत होते. ती म्हणाली, "बाबा, विश्वास बसत नाही! दीड वर्षं लपवून ठेवलं यांनी. लोक विष पीत होते आणि हे शिक्के मारत होते."

नवरा भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. मग म्हणाला, "बाहेर यायलाच हवं होतं. पण असं नाही. काय उघडं करायचं आणि काय झाकायचं, हे आधी कुणीतरी बसून बघावं लागतं."

"बघत बसले होते ना दीड वर्षं! तुमच्या पद्धतीनं एक हापसा तरी बंद झाला का?"

"नाही झाला."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला. मी त्याच्या पाठीकडे बघितलं आणि मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत विचारलं, "तुमचाच का तो अहवाल?" त्यानं मान हलवली. वर मला बजावलं, की पोरीला सांगू नकोस, तिची मंडळी उगाच मागे लागतील. मी विचारलं, "निदान काय काय बाहेर आलंय ते बघा तरी!" तर म्हणाला, चोरून बाहेर आलेला कागद मी उघडणार नाही, तसं खात्याचं परिपत्रक आहे. आता काय बोलायचं या माणसाला! स्वतः लिहिलेला कागद, सगळं जग वाचतंय, आणि हा एकटा वाचणार नाही. त्याला वाटत होतं की फक्त टाइप केलेला स्वच्छ अहवाल बाहेर गेला आहे. त्याची पेन्सिलीची टिपणं असलेली प्रत त्याच फाइलला मागे टाचलेली होती. त्यानं एकदा उघडून बघितलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत त्याला ते दिसलं असतं.

पुढच्या पंधरवड्यात जो तो याच विषयावर. बागबाजारला माझा दादा त्वचारोगांचा डॉक्टर आहे. त्याच्याकडे जेवायला गेलो, तर त्यानं मोबाइलवर त्या भागातून आलेल्या एका पेशंटच्या तळहातांचे फोटो दाखवले. काळे ठिपके, कातडी जाड होऊन भेगा पडलेली. "ज्यानं कोणी हे कागद टाकले, त्याच्या पायावर डोकं ठेवीन मी," दादा म्हणाला. "गुप्त म्हणे! कुणापासून गुप्त? जे पितात त्यांच्यापासून?" नवरा शेजारीच होता. भात कालवत राहिला. संक्रांतीच्या तिळगुळाला फोर्ट विल्यममध्ये बदलीवर आलेले एक मराठी कर्नल भेटले, ते अगदी उलट. "वहिनी, आमच्याकडे कागद बाहेर गेला की आधी आम्ही विचारतो, यात कुणाकुणाचा ठावठिकाणा आहे. तुमच्या या तरुण मंडळींनी विचारलं का?" मला ते फुशारकीचं वाटलं. त्यांच्या मिशीला तीळ चिकटला होता, मी तोच बघत राहिले. खरं सांगते, मी दादाच्या बाजूची होते. नवऱ्याचं कामही फुकट गेलं नाही म्हणून मला आतून आनंद होत होता. हापशांना लाल रंग फासल्याचे, गावात टँकर आल्याचे फोटो येत होते, आणि मला त्याला हलवून सांगावंसं वाटत होतं, की बघा, तुमच्यामुळे!

आणि मग तो रविवार.

दुपारची वेळ. नवरा आत झोपला होता. मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ सोफ्यावर आली. "आई, गंमत बघ. समासात मराठी आहे! आमच्यातल्या दोघा हिंदीवाल्यांनी प्रयत्न केला, त्यांना लागेना. मी म्हटलं, थांबा, माझी मातृभाषा आहे ती."

तिचं मराठी म्हणजे काय सांगू. इथं वाढलेल्या मुलांचं असतं तसं. "आई, मला भूक लागला" असं ती दहावीपर्यंत म्हणत होती, आणि मी दर वेळी डोक्याला हात लावत होते. वाचायला तर तिला बसवावं लागायचं, दटावून, खाऊ देऊन. आज ती आपणहून आली होती. "पहिल्यांदाच कुणालातरी माझ्या मराठीचा उपयोग होतोय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

मी स्क्रीनकडे बघितलं. नवऱ्याचं अक्षर मी कुठेही ओळखेन. तिला ओळखू आलं नाही, कारण बाप तिला आयुष्यभर मोबाइलवरूनच चिठ्ठ्या लिहीत आला, आणि त्या चौकशीला तोच गेला होता हे त्यानं तिला कधी कळू दिलं नव्हतं.

त्या क्षणी लॅपटॉप मिटायला हवा होता. का नाही मिटला? एक तर त्याला शब्द दिला होता, की पोरीला सांगणार नाही. दुसरं, त्याला उठवून सांगावं तर आम्ही मायलेकी तो "चोरीचा कागद" उघडून बसलो आहोत हे कळलं असतं, आणि त्याचं ते लांब तोंड मला नको होतं. ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायची लाज वाटते. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझी मुलगी माझ्या खांद्याला खांदा लावून मराठी वाचत होती, आणि मला ते थांबवायचं नव्हतं. माझा जीव फक्त एकाच गोष्टीसाठी धास्तावला होता, की याचं नाव कुठे आहे का? नाव नव्हतं, अहवालाखाली नुसता खात्याचा शिक्का होता. मग मी सैल पडले.

टिपणं अगदी रुक्ष होती. "तारीख पुन्हा बघणे." "इथं खाडाखोड." "शाई वेगळी." ती अडखळत वाचायची, मी सुधारायची, ती इंग्रजीत आणि बंगालीत टाइप करायची. मध्ये मी चहा केला. असं बरंच चाललं, आणि मग ती एका ओळीवर थांबली.

"'जुनी वही नमुन्याच्या खोलीतल्या डेबरीनं दिली. तिचं नाव कुठंच घ्यायचं नाही.' आई, डेबरी म्हणजे काय? आडनाव आहे का?"

"आडनाव कसलं डोंबलाचं!" मी हसले. "डावखुरी गं. डाव्या हातानं लिहिते ती डेबरी. तुझी अमरावतीची आजी मला म्हणायची नाही का, डेबऱ्या हातानं वाढू नकोस म्हणून?"

"वॉव," म्हणाली आणि तिनं टाइप केलं.

पुण्याच्या माणसालाही तो शब्द चटकन लागला नसता. आमच्या घरातल्या बाईलाच लागायचा, आणि मी तो हसत हसत सांगितला. "तिचं नाव कुठंच घ्यायचं नाही" हे वाक्यही तिनं मोठ्यानं वाचलं होतं, मी ऐकलं होतं. नाव घेतलंच नाहीये, मग काय, असं मला वाटलं असणार. मी पुढच्या ओळीवर गेले.

संध्याकाळी तिनं ते सगळं टाकलं. लोक तिला शाबास म्हणाले.

बुधवारी सकाळी नवरा बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा फोन वाजला. तो बंगालीत "बोला, बोला" म्हणाला आणि नाडी सोडून ऐकत राहिला. पलीकडून बाईचा आवाज येत होता, शांत होता आवाज. ती विचारत होती, "सर, तुम्ही तुमच्या भाषेत माझ्याबद्दल काय लिहिलंय? इथं सगळे वाचतायत."

फोन ठेवल्यावर त्यानं मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. म्हणजे, मुलीनं भाषांतर केलं हे सांगितलं. तीस वर्षांत त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तो असा ओरडला की मुलगी अंघोळ अर्धी टाकून बाहेर आली. मग, एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत, त्यानं आम्हाला त्या बाईची गोष्ट सांगितली.

त्या प्रयोगशाळेत गावोगावहून पाण्याच्या बाटल्या यायच्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावून वहीत नोंद करायचं काम चार बायका करायच्या. त्यांतली ही एक. खाडाखोड होण्याआधीची मूळ वही तिनं घरी लपवून ठेवली होती. ती तिनं स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर, पदराखाली धरून याला आणून दिली. याला खात्री पटेना, तेव्हा तिनं तिथंच डाव्या हातानं दोन ओळी लिहून दाखवल्या, अक्षर जुळतं का बघा म्हणाली. ती डावखुरी आहे हे यानं आठवणीसाठी टिपलं. "माझी मुलगी आठवीत आहे," एवढंच ती म्हणाली होती. आणि यानं तिला सांगितलं होतं, नाव कुठेही येणार नाही. अहवाल टाइप करणाऱ्याला त्यानं नाव सांगितलं नाही, साहेबाला सांगितलं नाही, मला तर नाहीच नाही.

"तुम्ही लिहिलंत कशाला मग?" मुलगी रडत ओरडली.

"तू टाकलंस कशाला?"

"मला काय माहीत ते तुमचं होतं! तुम्ही कधी काही सांगता का? ते कागद बाहेर आले नसते तर लोक अजून तेच पाणी पीत असते, हे तरी मान्य करा!"

"आहे मान्य," तो म्हणाला. "चार बायकांत एकच डावखुरी होती. हे तू मान्य कर."

डेबरीचा अर्थ कुणी सांगितला, हे त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं असेल पोरीला आपसूक कळला. मुलीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली केली. तिनं आजवर बापाला ते सांगितलेलं नाही. मीही नाही.

भाषांतर तिनं लगेच पुसलं. पण तोवर ते शंभर ठिकाणी गेलं होतं. नवऱ्यानं बाईला फोन करून करून विनवलं, मुलीला घेऊन सॉल्ट लेकला या, आमच्याकडे राहा. ती म्हणाली, मुलीची परीक्षा आहे, ती झाल्यावर बघते. त्यानं वरिष्ठांना पत्र लिहिलं, तिला संरक्षण द्या म्हणून, रीतसर, ज्या मार्गानं जायला हवं त्या मार्गानं. ते पत्र मार्गानं चाललं होतं. शनिवारी भरदुपारी ती सायकलवरून घरी येत असताना दोघांनी तिला खाली पाडलं. बाकी कुठे मारलं नाही. डावा हात तेवढा विटेवर ठेवला आणि मोडला.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. सियालदह स्टेशनवरून गाडी, पुढे टोटो, म्हणजे ती बॅटरीवरची रिक्षा. वाटेत दर दोन-चारशे पावलांवर लाल रंगानं माखलेला हापसा दिसायचा. एका ठिकाणी टँकर उभा होता, बायकांची रांग होती, पोरं पाण्यात खेळत होती. मुलगी त्या रांगेकडे बघत राहिली. तिच्या मनात काय आलं असेल ते माझ्याही मनात आलं, की एवढं तरी झालं. टोटोवाल्याला घर सापडेना म्हणून मी रांगेतल्या एकीला विचारलं.

"कोण? जिला माहीत होतं ती?" बाई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या. ही बाई म्हणे दोन वर्षं रोज तालुक्याहून सायकलला दोन कॅन लटकवून पाणी आणायची. स्वतःच्या घरापुरतं. लोक हसायचे, हिला गावचं पाणी चालत नाही म्हणून. आता कळलं का चालत नव्हतं. "आमची पोरं पीत होती तेव्हा हिनं तोंड उघडलं नाही. स्वतःची तेवढी वाचवली. हात मोडला ते बरंच झालं." नवरा टोटोतून उतरून त्यांना समजावायला लागला, की अहो, वही तिनंच दिली, ती नसती तर हा टँकर आला नसता. त्या ऐकत होत्या, पण कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. एकीनं घराचा रस्ता दाखवला.

चाळिशीची, बारीक बांध्याची बाई. हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. आम्हाला बघून तिला संकोच वाटला, खुर्च्या कमी पडतील म्हणून. मला ती बौदी म्हणाली, म्हणजे वहिनी. तिची मुलगी शाळेत जात नाहीये, तिच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मावशीकडे पाठवलीय. कामावरून काढलं. पोलिसांत गेली तर सही करता येईना, अंगठा घेतला. हे सगळं तिनं चहा ओतता ओतता सांगितलं, उजव्या हातानं, थोडा सांडत. मी उठून मदत करायला गेले तर "बसा, बसा" म्हणाली.

नवरा एवढंच म्हणू शकला, "मी तुम्हाला शब्द दिला होता."

"नाव तुम्ही लिहिलं नव्हतंत, सर. मी विचारून घेतलं." मग म्हणाली, "पाण्याचं मी आधीच सांगायला हवं होतं लोकांना. भीती वाटली. ते बरोबरच बोलतात."

"नाही, नाही," आम्ही म्हणालो. आणखी काय म्हणणार?

"एक सांगा," ती म्हणाली. "डावखुरीला तुमच्यात काय म्हणतात?"

"डेबरी," नवरा म्हणाला.

"डेबरी," तिनं म्हणून बघितलं. "टपरीवर टिपून घेताना तुम्ही म्हणाला होतात, की नाव लिहीत नाही, आमच्या गावचा एक शब्द लिहितो, इथं कुणाला कळायचा नाही. मग कळला कुणाला, सर?"

"असतात कुणीतरी, इंटरनेटवर," मी म्हणाले.

मुलगी माझ्याकडे वळली. ती मराठीत म्हणाली, "आई, सांगू का हिला? मी टाकलं म्हणून? आपण दोघींनी?"

आणि मी, त्या बाईच्या समोर बसून, तिचाच चहा हातात धरून, चेहऱ्यावर हसू ठेवून, मासळीबाजारात बोलते त्याच आवाजात म्हणाले, "नको. गप्प बस. तिला काही कळत नाहीये. चहा पी."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. त्याला सगळं कळलं होतं, "दोघींनी" हासुद्धा शब्द.

बाई आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. "तुमच्या भाषेत काय म्हणतेय ती?" तिनं मला विचारलं.

"विचारतेय," मी बंगालीत म्हणाले, "हात फार दुखतो का."

बाईचे डोळे भरले. ती मुलीकडे सरकली आणि चांगल्या हातानं तिचा गाल कुरवाळला. "दुखतो गं पोरी," ती म्हणाली. "बरं झालं विचारलंस. आजवर कुणी विचारलं नव्हतं."